न ढवळलेला निळा

एका राज्यात एके काळी रंगच उरला नव्हता. धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाने झेंडूपासून राजाच्या शेल्यापर्यंत सगळे रंग आपल्या हंड्यात ओढून घेतले होते. राजरंगारी भिवा आडवा गेला, तर त्याचा उभ्या उभ्या दगड झाला. मांत्रिक म्हणाला, "मला ओढता येणार नाही असा निळा शेला वर्षाच्या आत राजाच्या खांद्यावर दिसू दे. नाहीतर हा दगड दगडच राहील."

भिवाची बायको कमळजा रंगकामात नवऱ्याहून काकणभर सरसच. तिने रान पालथे घातले, तेव्हा राखाडी फांदीवर एक पक्षी दिसला, निळाच्या निळा. तो मनुष्यवाणीने बोलला, "तीन पिसे देतो. चौथे मागू नकोस, मला उडायचे आहे."

पहिले पीस तिने कुटले. काळपट पूड झाली. दुसरे उकळले; पाणी आपले नितळच. रंगारणीला दुसरे काय सुचणार? तिसरे मात्र तिने नुसते उन्हात धरले. जरासे कलले, तसे निळ्याचे हिरवट झाले.

"तुझ्यात रंग नाहीच," ती पुन्हा रानात जाऊन पक्ष्याला म्हणाली.

"नाही. डोळ्यांना न दिसणारे कण सारख्या अंतरावर रचले आहेत. आत शिरलेल्या उजेडातला निळा तेवढा परत फिरतो."

केवढी ही कारागिरी! कमळजेने पिसाला हात जोडले. मग तिने गारगोटी कुटली, फडक्यांतून गाळली आणि पाण्यात तरंगत राहणारी, एकसारखी पूड तेवढी घेतली. काजळीने काळा केलेला शेला कुंडात पसरून त्यावर ते पाणी ओतले. आता कण आपापल्या जागी बसेपर्यंत ढवळायचे नव्हते. जन्मभर कुंड ढवळलेले हात ते, शिवशिवू लागले. समोर दगडाचा नवरा, आणि वर्षाचे उरले दिवस तीन. पहिल्या दिवशी पाणी पांढरे, दुसऱ्या दिवशीही पांढरेच. ती रडली, पण ढवळले नाही. तिसऱ्या दिवशी पाणी आटले आणि शेल्यावर दृष्ट लागावी अशी निळाई उमटली.

राजाने रंगशाळेत येऊन शेला पांघरला. धूम्रकेशाने तीनदा मंत्र म्हटला. ओढायला शेल्यात रंगच नव्हता. मंत्र उलटला आणि हंडा तडकला. झेंडू, कुंकू, पोपट, सगळ्यांचे रंग परतले. धूम्रकेश वेस ओलांडून गेला तो गेलाच.

भिवाने डोळे उघडले. "हा रंग कशातून काढलास?"

"काढला नाही. बसू दिला."

त्याचा विश्वास बसेना. रंग चोळून पाहायला त्याने हात पुढे केला, तो कमळजेने वरच्यावर धरला. हात चांगला उबदार होता. मग तिने तो सोडलाच नाही.