भागू कुंभारणीचा माठ

राजेसाहेबांनी फर्मान काढलं, "तळ्याचं पाणी जमिनीत झिरपून वाया जातंय. तळाला चुन्याची पक्की फरसबंदी करा!" खालच्या आळीच्या विहिरी त्या झिरपण्यावरच जगत होत्या, पण बोलणार कोण?

काम सुरू व्हायच्या दिवशी राजेसाहेब स्वतः आले. उन्हाने घसा कोरडा पडला. भागू कुंभारणीने माठातलं पाणी दिलं.

"शी! हे तर कोमट आहे!"

"सरकार, माठ पाझरून पाणी वाया जात होतं. म्हणून बाहेरून लाख फासली. आता थेंबसुद्धा जात नाही."

"अगं वेडे, माठ पाझरतो म्हणून तर पाणी गार राहतं!"

"आणि तळं पाझरतं म्हणून आमच्या विहिरी भरतात, सरकार."

राजेसाहेब तळ्याकडे वळले. मग हसले. गवंड्यांनी चुन्याची घमेली माघारी नेली, तेव्हा कुठे आळीच्या जिवात जीव आला. भागूने मागे झाकून ठेवलेला दुसरा, ओला गार माठ पुढे ओढला.