न मागता मिळालेला विस्तव

चुली बोलायच्या तेव्हाची गोष्ट. शेजारची शेगडी विस्तव मागायला आली, की अंगणातली चूल फणकारायची, "रोज काय गं मागतेस? मी कधी कुणाकडे मागितलं का?"

एकदा भर दुपारी चुलीने वर पाहून विचारलं, "सूर्यदादा, तुझं सरपण कोण आणतं?"

"सरपण कसलं! माझ्या पोटात इवले कण एकमेकांना बिलगून एक होतात. तेव्हा त्यांचं किंचित वजन घटतं, त्याचाच हा उजेड."

"एवढा उजेड जातो कुठे?"

चुलीतलं बाभळीचं लाकूड हसलं. "माझ्या पानांनी जन्मभर तोच साठवला. आता तू तोच जाळते आहेस."

संध्याकाळी शेगडी भीतभीत आली, तेव्हा चूल म्हणाली, "ने गं बाई, हवा तेवढा ने. मला तर न मागताच मिळाला."