न पडलेली फुलं

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात एक नावाडी राहत असे. हात वल्ह्यावर पक्का, पण मन कशातच पक्कं नाही. काहीही ठरवायचं झालं की गडी निघाला देवीच्या देवळात कौल लावायला.

कौल म्हणजे काय, तर गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नको. गावकरी लग्नकार्याला, पेरणीला कौल लावत. आमचा नावाडी मात्र शेळी घ्यावी का, छप्पर या आठवड्यात शाकारावं की पुढच्या, हेसुद्धा देवीलाच विचारी. बिचारी देवी! शेळी मेली की हा म्हणे, "मी काय करणार? कौलच तसा होता." कुणी कौतुक केलं तरी उत्तर तेच. त्यामुळे त्याला कधी कुणी बोल लावला नाही, आणि मनापासून आभारही कुणी मानले नाहीत.

एका सकाळी वारा पिसाटला होता. खाडी उसळत होती. तेवढ्यात एक बाई लेकीला खांद्यावर टाकून धक्क्यावर धावत आली.

"दादा, होडी काढा! तीन दिवस ताप आहे, आज पोर डोळेच उघडत नाही. वैद्य पलीकडच्या काठाला आहे."

नावाड्याने पोरीच्या कपाळाला हात लावला. चटकाच बसला. मग त्याने पाण्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरला. "थांब हं बाय, आलोच कौल घेऊन," म्हणत तो जवळच्या देवळाकडे पळाला.

गुरवाने फुलं लावली. "आई, याने होडी काढावी की नको?" दोघे बघत राहिले. एकही फूल हलेना.

"असं कसं? पुन्हा लावा!" नावाडी म्हणाला.

"लावतो की," म्हातारा गुरव म्हणाला. "पण तोवर ओहोटी लागेल. पलीकडे सगळा चिखल, मग होडी काठाला लागायची नाही."

"मग मी करू काय?"

"मला कशाला विचारतोस? आईने ते तुझ्यावर सोपवलेलं दिसतंय."

नावाडी देवीवरच चिडला. "रोज बोलतेस, आणि आजच बरी गप्प बसलीस!" बाहेर ती बाई लेकीला हाका मारत होती, ते आत ऐकू येत होतं. होडी बुडाली किंवा पोर दगावली, तर आता दोष द्यायला कुणीच नव्हतं. नावाडी उंबऱ्यात क्षणभर घुटमळला. मग तडक धक्क्यावर गेला आणि म्हणाला, "चल, बस. घट्ट धर तिला."

अर्ध्या वाटेत होडी गरकन फिरली, एक वल्हं मोडलं, नाकातोंडात खारं पाणी गेलं. उरलेल्या वल्ह्यावर त्याने होडी कशीबशी काठाला लावली. वैद्याने नाडी पाहिली, काढा पाजला. तिसऱ्या प्रहरी पोरीने डोळे उघडले आणि पेज मागितली.

बाईने नावाड्याचे पाय धरले. "दादा, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी काय करणार होते? पण तुम्ही आलात. जन्मभर विसरणार नाही."

नावाडी सवयीने म्हणायला गेला, "मी कसला, देवीचा कौल..." आणि थांबला. कौल नव्हताच. आला होता तो आपल्या मनाने. त्याला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी तो देवळात गेला. गुरवाने फुलं उचलली. "आज काय विचारायचं?"

"काही नाही. आभार मानायला आलोय."

"कशाचे? आईने तर काही सांगितलंच नाही."

"म्हणूनच," नावाडी हात जोडून म्हणाला. "ती 'जा' म्हणाली असती तरी गेलोच असतो. पण मग त्या पोरीसाठी मी काही केलं, असं मला कधी वाटलं नसतं. एवढं मोठं काम आईने माझं मला करू दिलं."

तात्पर्य एवढंच: आपलं आपण ठरवण्याची मोकळीक हे माणसाला मिळालेलं सर्वांत मोठं देणं आहे, ते घाबरून परत करू नये, आभार मानून वापरावं.