जमिनीवरचा जपान

लोंढेबाई जगाचा नकाशा वर्गात जमिनीवर, दिशा जुळवून अंथरत आणि मुलांना भोवती बसवून भूगोल शिकवत. तपासणीला आलेले ढवळेसाहेब ते पाहून भडकले.

“नकाशा आहे की सतरंजी? भिंतीवर टांगा, नाहीतर वाईट शेरा लिहीन!”

बाईंनी नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर टांगला. “आता साहेब, तुम्हीच मुलांना दाखवा, जपान कुठल्या दिशेला?”

“पूर्वेला!” नकाशाच्या उजव्या कडेकडे साहेबांनी ऐटीत हात लांब केला. “उगवत्या सूर्याचा देश, तो तिकडे!”

मुलं खिदळली. साहेबांचा हात थेट खिडकीकडे होता आणि खिडकीत सूर्य मावळत होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, आता शेरा कुणाच्या नावावर लिहायचा? माझ्या, की सूर्याच्या?”