बिननावाची हाक

“हाक कुणाला होती?” दुलबाबुवांनी चालता चालता विचारलं.

“कुठली हाक?” भिकाजी म्हणाला.

बुवा चालत राहिले.

भिकाजीने हाक ऐकली होती. चांगली स्वच्छ ऐकली होती. मागून, पाण्यालगतच्या खडकांच्या, खडपांच्या बाजूने, बाईच्या आवाजात. “अवो...” एवढीच.

आंबेखाडीहून देवसड्याच्या देवळापर्यंतची किनाऱ्याची वाट दिवसभराची आहे. वर कातळाचा सडा, खाली समुद्र, आणि मधे ओहोटीपुरती उघडी पडणारी पायवाट. दुलबाबुवांच्या मठाची रीत अशी की, ज्याला संन्यास हवा त्याने ही वाट गुरूबरोबर चालायची आणि देवळाशी पोचल्यावर गुरूने त्याच्या अंगावर भगवी छाटी घालायची. छाटी बुवांच्या काखेतल्या गाठोड्यात होती. भिकाजीचं निम्मं लक्ष वाटेवर आणि निम्मं त्या गाठोड्यावर होतं.

त्याला तरी काय बोल लावायचा? या दिवसासाठी त्याने फार सोसलं होतं. मीठ सोडलं, वहाणा सोडल्या, अंथरूण सोडलं. काय काय सोडलं ते सांगत सुटणं, एवढं मात्र त्याच्याने सुटलं नव्हतं.

सकाळी खाडीच्या तोंडाशी एक म्हातारी कालवं फोडत बसली होती. दोघांना पाहून तिने हात जोडले.

“बुवानू, सड्याखालसून जातलात?”

“हो.”

“मगे एक आयका. खडपात कोणी हाक मारल्यान तर ओ देऊ नकात. नाव घेऊन मारल्यान तर खुशाल द्या. बुडलेल्या माणसाक नाव आठवणा नाय, ता नुसती हाक मारता. ओ दिलात की पाठसून येता. मगे सोडणा नाय.”

भिकाजी हसला. “आजी, आम्ही भुताखेतांच्या पलीकडे गेलो आहोत.”

“तुमी गेलास आसशात,” म्हातारी पुढचं कालव उचलत म्हणाली. “भुता हयच आसत.”

बुवांना हसू आलं. भिकाजीला ते आवडलं नाही.

आता ऊन माथ्यावर आलं होतं. वारा पडला होता. समुद्र समोर होता, पण त्याचा आवाज येत नव्हता, आणि असं भर दुपारी होऊ नये असं भिकाजीला वाटत राहिलं.

वाळूतल्या खेकड्यांचं, कुर्ल्यांचं एक असतं. माणूस जवळ आला की त्या बिळात शिरतात, तो पुढे गेला की पुन्हा बाहेर येतात. भिकाजीने सहज मागे पाहिलं. त्यांच्यामागच्या ओल्या वाळूवर एकही कुर्ली बाहेर आली नव्हती.

त्याने पुन्हा मागे पाहिलं नाही.

“अवो... आयकलात?”

या खेपेला हाक जवळून आली. भिकाजी घाबरला होता, हे सांगूनच टाकलेलं बरं. पण हाकेला जेवढा घाबरला त्याहून जास्त तो बुवांच्या पाठीला घाबरला होता. ती पाठ आता थांबली होती.

बुवा वळले.

“ही कुणाला होती?”

“असेल कुणाला तरी. मला नव्हती.”

“कशावरून?”

“नाव घेतलं नाही.”

बुवांनी मान हलवली. “खरं आहे... तुला नावानं कोण हाक मारतं?”

“तुम्ही मारता. मठातले मारतात. आई मारायची.”

“आणि बायको?”

भिकाजी वाळूकडे बघू लागला.

“मठात आलास तेव्हा म्हणालास, घरी कुणी नाही.”

“कुणी नाही,” भिकाजी म्हणाला.

आता नव्हतंच. मठात आला तेव्हा मात्र बायको होती. एका पहाटे तिला झोपेत सोडून तो निघून आला होता. पुढच्या साली गावचा एक माणूस मठात निरोप घेऊन आला. म्हणाला, ती तुला घरी न्यायला म्हणून किनाऱ्याकिनाऱ्याने निघाली, भाकरी बांधून घेऊन निघाली, ती इकडे पोचली का? पोचली नव्हती. परतही गेली नव्हती. भिकाजीने त्या माणसाला पाणी दिलं, वाटेला लावलं, आणि ही गोष्ट कुणाच्या कानावर घातली नाही. बुवांना कळलं तर ते आपल्याला घरी पाठवतील, याची त्याला धास्ती होती. मग तो जपाला बसला.

त्या दिवशी जप नेहमीपेक्षा चांगला झाला होता. हे एकच त्याला कधी विसरता आलं नाही.

“ती कशी हाक मारायची?” बुवांनी विचारलं.

“...तशीच.”

“नाव काय तिचं?”

त्याने तिचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. त्यांच्या घरात नवरा-बायको एकमेकांची नावं घेत नसत. चुलीपासून ओसरीपर्यंत एक ‘अवो’ आणि एक ‘गे’ पुरत असे.

“आवडी,” तो म्हणाला.

मागे पाण्यात पाऊल पडलं. मग दुसरं. आणि मग ते थांबलं, अगदी पाठीशी. ओल्या लुगड्याचा वास आला.

“अवो...”

रागाने नव्हे. जेवायला वाढून ठेवलंय आणि माणूस उठत नाही, तेव्हा मारतात तशी, दमलेली हाक होती ती.

भिकाजीने डोळे मिटले. एक ‘ओ’ द्यायची होती. दिली की ती त्याची होणार होती आणि तो तिचा. मग कसली छाटी आणि कसलं देऊळ? त्याचे ओठ हलले. त्याला रडू आलं. पण आवाज फुटला नाही.

“ओ,” कुणीतरी म्हणालं.

भिकाजीने डोळे उघडले. बुवा त्याच्या खांद्यावरून मागे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पाहुण्याला ‘या’ म्हणताना असतो तसा भाव होता.

“बुवा, तुम्ही ओ दिलीत?” भिकाजी म्हणाला. “ती आता तुमची पाठ सोडायची नाही.”

“हं.”

“हाक तुम्हाला नव्हती.”

“नव्हती.”

बुवांनी काखेतलं गाठोडं सोडलं. छाटी काढली, झटकली, आणि भिकाजीच्या खांद्यावर टाकली. मंत्र नाही, देऊळ नाही, काही नाही.

“घे. हवी होती ना?”

भिकाजीने छाटी दोन्ही हातांनी धरली. इतकी वर्षं जिच्यासाठी झुरला ती हातात आली होती, आणि ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. पाणी चढू लागलं होतं. पुढच्या खडपांची टोकं बुडायला लागली होती.

बुवा बाजूला झाले आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. कुणाला तरी जागा द्यावी तसे थोडे सरकले.

“बुवा, भरती लागली. चला.”

“तू पुढं हो, भिकाजी. ती फार चाललीय... मी तिच्या चालीनं येतो.”