शेवटी चालणारी येसू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. घाटात तेव्हा रस्ता नव्हता, एवढं खरं. गारवाडीची माणसं तांदूळ आणि सुकी मासळी डोक्यावर घेऊन घाट चढायची, वरच्या बाजारात विकायची आणि उन्हं उतरू लागली की गूळ-मिरची घेऊन खाली यायची. पायवाट इतकी अरुंद, की एकामागं एक असंच चालावं लागे. आणि त्या वाटेवर मागल्या होता.

मागल्याला राक्षस म्हणा, खवीस म्हणा. त्याला धड कुणी पाहिलेलंच नव्हतं, कारण तो नेहमी मागून यायचा आणि रांगेतलं शेवटचं माणूस तेवढं न्यायचा. ओरडणं नाही, झटापट नाही. खाली येऊन माणसं मोजली की एक कमी. दुसऱ्या दिवशी त्याचं ओझं साळखिंडीत वाटेच्या कडेला नीट उतरवून ठेवलेलं दिसायचं. माणूस कधी सापडलं नाही, असं म्हणतात.

मग शेवटी चालायचं कुणी? गावानं यावर जे केलं ते सांगायला जीभ रेटत नाही, पण गाव आमचंच, तेव्हा लाजही आमचीच. ज्याच्यामागं रडायला कुणी नाही त्याला शेवटी ठेवायचं, असं पंचांनी ठरवलं.

येसू तेव्हा तरणी होती. नवरा गेलेला, पोरबाळ नाही, माहेर तापाच्या साथीत संपलेलं. होती ती एक थोरली जाऊ, सगुणा. पंचांनी विचारलं तेव्हा सगुणेनंच तिचं नाव घेतलं. बाजाराच्या दिवशी येसूनं टोपली उचलली आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

पण परतताना खिंड आली तशी ती फिरली आणि उलटी चालू लागली. आता तिच्या पाठीशी माणसं होती आणि समोर मोकळी वाट. त्या वाटेवर मागल्या आला. कसा होता, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही म्हणा. पाठ दिसल्याशिवाय त्याचा हात उठत नसे. तो चालत राहिला, तीही चालत राहिली, आणि त्या दिवशी खाली माणसं मोजली तर पुरी भरली.

झालं, ते काम तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. वळणावर पाय चुकू नये म्हणून पुढच्या माणसाच्या कमरेला दोरी बांधत आणि टोक येसूच्या हातात देत. येसू ती दोरी कधी ओढायची नाही, नुसती धरून असायची. पुढं रांगेत गप्पा रंगत, तिच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नसे. उलट्या पावलांची बाई म्हणून लोक पोरं घरात ओढून घेत. ज्यांना तिनं सुखरूप आणलं, तेच तिच्या ओट्यावर टेकत नसत. जन्मात तिनं सगळ्यांत जास्त तोंड पाहिलं ते मागल्याचं. एवढं एकटं कुणी असू नये.

वर्षं गेली. येसूच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. समोरचं धूसर दिसायला लागलं, तशी गावाला चिंता पडली, हिच्यानंतर कोण? सगुणेचा नवराही आता वारला होता आणि पोरबाळ तिलाही नव्हतं. पंचांनी जुनाच न्याय लावला.

त्या संध्याकाळी सगुणा पहिल्यांदा येसूच्या ओट्यावर आली. तुझं नाव मी घेतलं होतं, आज माझं निघालं, म्हणून रडली. येसूनं तिला पेज वाढली. मग तिनं एक सांगितलं. एकदा मागल्याच्या पाठीमागं वाळकी फांदी मोडली, तेव्हा तो लटलटा कापला होता, पण वळला नव्हता. त्याची मान वळतच नव्हती. गरजच कधी पडली नव्हती, कारण त्याच्यामागं कधी कुणी नव्हतंच.

"उद्या माज्या फुडं तू चाल," येसू म्हणाली. "खिंडीत मी दोरी सोडीन. मागं बगू नको."

"आनि तू?"

"मी त्याच्या मागं जाईन."

दुसऱ्या दिवशी खिंडीत येसूनं दोरी सोडली आणि ती कारवीच्या झुडपात शिरली. सगुणेच्या कमरेची दोरी वाटेवर घसटत राहिली. थोडं पुढं गेल्यावर दोरी ताठ झाली. कुणीतरी ओढत होतं. येसू कधी ओढत नसे. तरी सगुणेनं मान वळवली नाही. पाऊल उचललं, टाकलं, पुन्हा उचललं. मग लांबून, सगळ्यांच्या मागून आवाज आला.

"थांबू नको, बाय. मी हाय मागं."

दोरी एकदम सैल पडली. वाट सोडून, कारवी मोडत कुणीतरी धावत सुटल्याचं अख्ख्या रांगेनं ऐकलं. आणि त्याच्या पाठोपाठ येसूची पावलं. किती वर्षांनी परतीच्या वेळी ती सरळ चालत होती.

येसू आली नाही. तिची टोपली खिंडीत नीट उतरवून ठेवलेली सापडली. लोक म्हणाले, नेली. सगुणा म्हणाली, नाही. ती थांबली तर तो पुन्हा सगळ्यांच्या मागं येईल, म्हणून ती चालतेच आहे. तो चालून चालून सरला की ती परत येईल आणि तिला धरायला दोरी लागेल. त्यानंतर घाटात माणूस कमी झालं नाही. जिच्यामागं रडायला कुणी नव्हतं, तिच्यासाठी सगुणा मरेपर्यंत रडली, असं म्हणतात.

आता घाटातून गाड्या जातात. पण भातं झोडून झाली की वर्षातून एक दिवस सारी गारवाडी जुन्या वाटेनं चालत येते. शेवटी चालायचा आता मान असतो, त्यासाठी भांडणंही होतात. शेवटच्याच्या कमरेला दोरी बांधतात आणि टोक मागं मोकळं सोडतात. खिंड आली की तो मागं न बघता म्हणतो, "येसू, धर गो."

एखाद्या वर्षी दोरी जड लागते. कुणी ओढत नाही, नुसतं धरल्यासारखं वाटतं. शेवटचा तसं पुढच्याला सांगतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि सगळी रांग चाल कमी करते. फार लांबून आलेली असते ती, दमली असेल.