नावाची कोरी जागा

नभोवाणी भवनात बातम्या वाचणाऱ्याच्या हाती कागद येतो, तेव्हा पहिल्या ओळीत नावाची जागा कोरी सोडलेली असते. इमारत पाहायला येणारे हटकून कारण विचारतात. मग इथले निवृत्त ध्वनितंत्रज्ञ खंडागळेअण्णा घसा खाकरतात आणि वत्सलाबाईंची कथा सांगतात.

भवन बांधण्याआधी नभोवाणी पत्र्याच्या बराकीत होती म्हणे. पंखा लावला की बातम्यांआधी त्याचीच घरघर ऐकू जायची. तिथे वत्सला कीर्तने यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. नव्या भवनातून निवेदिका म्हणून पहिलं नाव आपलंच जात नाही, तोवर माहेरी पाऊल ठेवणार नाही, असा त्यांनी पण केला होता. आणि मान मिळाला कुमुद शेजवलकरला! काल आलेली पोर. वत्सलाबाईंना राखीव निवेदिका म्हणून बाहेर बसवलं. त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. बाईंचं चुकलंच, पण जळणार नाहीत तर काय करतील?

उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी कुमुदला चिंचेच्या गोळ्या चारल्या, असं सांगतात.

"घे गं, घसा ओला राहतो."

"ताई, किती करता हो माझं!" म्हणत तिने पुडी संपवली. ऐन वेळी तिचा घसा असा बसला की नुसती फुसफुस. केंद्रप्रमुखांनी वत्सलाबाईंना घाईघाईने आत पिटाळलं.

लाल दिवा लागला. समोर कुमुदसाठी टंकलेला कागद. कागदावरचं अक्षर न् अक्षर वाचायचं, ही बाईंची मुरलेली सवय. आवाज तर त्या दिवशी असा लागला, की तसा आधी कधी लागला नव्हता. त्याच आवाजात त्यांनी वाचलं, "बातम्या वाचत आहे कुमुद शेजवलकर." चूक ध्यानात आली तेव्हा पहिली बातमी सुरू झाली होती.

गावोगावहून कौतुक आलं, सगळं कुमुदचं. ती बसल्या घशाने सांगत सुटली, "अहो, तो आवाज ताईंचा!" लोकांना तो तिचा विनय वाटला. वत्सलाबाईंनी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर चिंचेचंही सांगावं लागलं असतं. माहेरी त्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत म्हणे. तेव्हापासून नाव टंकायचं नाही, ज्याचं त्याने घ्यायचं, असं ठरलं.

आजही वर्धापनदिनाला ते पहिलं ध्वनिमुद्रण लावतात. घरोघरी माणसं हातातलं काम थांबवून ऐकतात आणि म्हणतात, "काय आवाज होता हो कुमुदबाईंचा!"